एलडीएल 168 आणि तीन बाटल्यांचा हिशेब

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत: वय 44, एकूण कोलेस्टेरॉल 248, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल 168, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल 42, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली दुसरी चरबी 190. शुगर आणि बीपी ठीक. डॉक्टरांनी तीन महिने दिलेत, नंतर पुन्हा तपासून गोळीचं ठरवायचं. गोळी तुम्हाला नको आहे, म्हणून लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल आणि रेड यीस्ट राइस अशा तीन बाटल्या आणल्यात आणि तिन्ही एकदम सुरू करू का, असं विचारताय.

नका करू. त्यातली एक बिनकामाची आहे, एक तुमच्या दुखण्यासाठी नाही, आणि तिसरी तुम्हाला जी नको आहे तीच गोळी आहे.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं स्वतःचे रिपोर्ट सांभाळतोय आणि या विषयावर मिळेल ते वाचतोय, एवढंच. माझं म्हणणं सरळ आहे: ‘नैसर्गिक’ की ‘केमिकल’ हा वाद बाजूला ठेवा. कुठली गोष्ट एलडीएल किती टक्के उतरवते आणि तुम्हाला किती उतरवायचाय, एवढाच हिशेब मांडा.

रेड यीस्ट राइसपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवली की त्यात मोनॅकोलिन के हे द्रव्य तयार होतं. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी ते 1979 मध्ये वेगळं काढलं. याच सुमारास एका औषध कंपनीला दुसऱ्या एका बुरशीत एक द्रव्य सापडलं, त्याचं नाव लोव्हास्टॅटिन. दोन्ही रेणू एकच निघाले, अणूचाही फरक नाही. लोव्हास्टॅटिनला 1987 मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली; डॉक्टर कोलेस्टेरॉलसाठी देतात त्या ‘स्टॅटिन’ गोळ्यांपैकीच ही एक. म्हणजे रेड यीस्ट राइसने ज्याचं कोलेस्टेरॉल उतरतं, त्याचं स्टॅटिननेच उतरतं. स्नायू दुखणं, यकृतावरचा ताण, काही अँटिबायोटिक आणि ग्रेपफ्रूटबरोबर न जमणं, गरोदरपणात न चालणं, हे सगळं त्याच्याबरोबर येतंच.

फरक एवढाच की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते ठाऊक असतं, इथे नसतं. अमेरिकेत 28 ब्रँड तपासले तेव्हा मोनॅकोलिनचं प्रमाण 60 पटींहून जास्त फरकाने वरखाली निघालं, आणि काहींत ते सापडलंच नाही. शिवाय बुरशी नीट वाढवली नाही तर सिट्रिनिन नावाचं विष तयार होतं, ते मूत्रपिंडाला घातक. युरोपने 2022 पासून दिवसाला 3 मिलिग्रॅमपेक्षा कमी मोनॅकोलिन अशी मर्यादा घातली. स्टॅटिनच घ्यायची असेल तर मोजलेली घ्या. आणि स्टॅटिन आधीच चालू असेल तर ही बाटली उघडूच नका, तो डबल डोस होतो.

लसणाचं लवकर आटपतो. 2007 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कच्चा लसूण आणि दोन प्रकारच्या लसूण-गोळ्या सहा महिने देऊन पाहिल्या. एलडीएल जागचा हलला नाही. जेवणात लसूण खुशाल खा, कॅप्सूलचे पैसे वाचवा.

आता फिश ऑइल. बाटली हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. पुढे ठळक ‘1000 मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. मागे ईपीए आणि डीएचए, म्हणजे तेलातली कामाची ओमेगा-3 द्रव्यं, वेगळी दिलेली असतात. साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा 180 आणि 120, म्हणजे कामाचा माल 300 मिलिग्रॅम. ट्रायग्लिसराइडवर ठळक परिणाम दिसायला रोज 2 ते 4 ग्रॅम लागतात. करा भागाकार, सात ते तेरा कॅप्सूल रोज. एवढं घेऊनही एलडीएल उतरत नाही, डीएचएमुळे उलट थोडा चढू शकतो. मोठ्या डोसमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोकाही वाढतो. तुमचं 190 हे साखर, मैदा, दारू आणि पोटावरचं वजन कमी केल्यावर उतरण्यासारखं आहे. त्यासाठी मासा पिळायची गरज नाही.

2022 मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी या मंडळींना एकाच रांगेत उभं केलं होतं. सुमारे 190 जण, 28 दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन फक्त 5 मिलिग्रॅम, बाकीच्यांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल, रेड यीस्ट राइस यांपैकी एक, आणि एका गटाला नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी. स्टॅटिन गटाचा एलडीएल जवळपास 38 टक्के उतरला. सहाही सप्लिमेंट खोट्या गोळीच्या पुढे गेले नाहीत, लसणाच्या गटात तर एलडीएल किंचित चढला. 28 दिवस थोडे आहेत हा आक्षेप मला मान्य आहे. पण स्टॅटिनला तेवढेच दिवस पुरले, हेही खरं.

मग नैसर्गिक असं काहीच चालत नाही का? चालतं. नेमकं ते तुमच्या तीन बाटल्यांत नाही.

पहिला नंबर इसबगोलचा. त्यातला विरघळणारा तंतू, म्हणजे फायबर, आतड्यात पित्ताम्ल धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. यकृताला नवं पित्ताम्ल बनवावं लागतं, ते बनतं कोलेस्टेरॉलपासून, आणि त्यासाठी यकृत रक्तातला एलडीएल ओढून घेतं. रोज साधारण 10 ग्रॅम भुसा, दोन-तीन वेळांत विभागून, जेवणाच्या आगेमागे. एलडीएल 5 ते 10 टक्के उतरतो. ओट्स आणि जवातलं बीटा-ग्लुकन असंच काम करतं, त्याचे रोज 3 ग्रॅम पोटात जायला हवेत. ओट्सच्या छोट्या वाटीत तेवढं भरत नाही.

इसबगोल घेण्याची पद्धत मात्र नीट समजून घ्या, बरेचजण इथेच कंटाळून सोडतात. मोठा ग्लासभर पाणी घ्या, त्यात भुसा टाका, ढवळा आणि लगेच पिऊन टाका. दोन-तीन मिनिटं फोनवर बोलत बसलात तर ग्लासात लगदा होतो, मग तो चमच्याने खावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी नको वाटतो. पिऊन झाल्यावर त्याच ग्लासात थोडं पाणी फिरवून तेही प्या, तळाला चिकटलेला बराच भाग त्यात येतो. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी, असं कधीच करू नका, घशात अडकतो. गिळायला त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. पहिल्या आठवड्यात एकच चमचा, नाहीतर पोट फुगून बसाल. इतर औषधं त्याच्या निदान दोन तास आधी किंवा नंतर, आणि थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर.

दुसरा नंबर प्लांट स्टेरॉल किंवा स्टॅनॉल. हे वनस्पतींतलं कोलेस्टेरॉलचं भावंड. आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतं, त्यामुळे ते कमी शोषलं जातं. रोज 2 ग्रॅम, जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी उपयोग नाही. अन्नात मिसळून दिलेल्या चाचण्यांमध्ये 8 ते 10 टक्के उतार दिसतो. वरच्या क्लीव्हलँडच्या चाचणीत गोळीच्या रूपात मात्र फरक दिसला नाही, म्हणून मी याला इसबगोलच्या खाली ठेवतो. सिटोस्टेरॉलेमिया नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्यांनी हे टाळायचं.

बर्बेरिन, म्हणजे दारुहळदीतलं पिवळं द्रव्य, याने एलडीएल थोडा उतरतो असं दिसतं, पण ते इतर औषधांच्या पचनात ढवळाढवळ करतं आणि जुलाबही होतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर लांबच राहावं. गुग्गुळाबद्दल कुणीतरी सांगणारच, म्हणून लिहितो: 2003 मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनी गुग्गुळ घेणाऱ्यांचा एलडीएल वाढला, काहींच्या अंगावर पुरळही उठलं. नियासिन, म्हणजे बी3 जीवनसत्त्व, याने रिपोर्ट छान दिसतो, पण स्टॅटिन घेणाऱ्यांना ते जोडून दिलं तेव्हा दोन मोठ्या चाचण्यांत हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, शुगर मात्र वाढली. उसाच्या मेणातून काढलेलं पोलिकोसॅनॉल विसरा.

आता तुमचे आकडे. 168 मधून इसबगोलचे 7 टक्के काढले की 156. स्टेरॉलने खरंच 8 टक्के दिले तर 143 ते 144. तूप, लोणी, साय, नारळ, पाम तेल, लाल मांस यांतली संपृक्त चरबी मनापासून कमी केली तर आणखी 10 टक्के धरा, 129 च्या आसपास. हा चांगला दिवस धरून केलेला हिशेब. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 2003 मध्ये तंतू, स्टेरॉल, सोया आणि बदाम एकत्र घातलेला आहार देऊन एलडीएल 28 टक्क्यांहून जास्त उतरवून दाखवला होता, लोव्हास्टॅटिनच्या जवळपास. पण तिथे जेवण तयार हातात मिळत होतं. नंतर लोकांना फक्त सल्ला देऊन घरी पाठवलं तेव्हा तो आकडा 13-14 टक्क्यांवर आला. तुम्ही आणि मी या दुसऱ्या गटातले.

म्हणजे डॉक्टरांनी 130 च्या खाली आणा म्हटलं असेल तर जमण्यासारखं आहे. 100 किंवा 70 म्हटलं असेल तर भुश्याने होणार नाही, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तेव्हा पुढच्या भेटीत ‘गोळी टाळता येईल का’ असं विचारण्याऐवजी ‘माझं टार्गेट किती’ असं विचारा.

तीन महिन्यांनी तपासताना लॅब तीच ठेवा. ताप किंवा मोठं आजारपण झालं असेल तर काही आठवडे थांबा, आजारात कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं आणि खोटा आनंद होतो. एलडीएल तसाही काही न करता 7-8 टक्के इकडेतिकडे होतो, म्हणून 168 चा 160 झाला तर पेढे वाटू नका. तुमच्या रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, दिसत नाही, तो याच वेळी करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतो आणि थायरॉइडच्या उपचाराने उतरतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, त्यांनी टीएसएच चुकीचा येऊ शकतो.

राहिली ती ओळ, जी तुम्ही शेवटी कंसात लिहिली आहे: ‘वडिलांना 51 व्या वर्षी अटॅक आला होता.’ ही कंसातली गोष्ट नाही. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत अटॅक आला असेल तर तुमचा धोका आकड्यांवरून दिसतो त्यापेक्षा जास्त धरतात आणि टार्गेट खाली सरकतं. डॉक्टरांना हे माहीत आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन महिने थांबू नका, या आठवड्यातच फोन करून सांगा, आणि लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला एक कण, याची तपासणी एकदा करून घ्यायची का तेही विचारा. तो आकडा जन्माने ठरतो, आहाराने फारसा हलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदाच तपासला तरी पुरतो. जाताना तिन्ही बाटल्या पिशवीत घालून न्या, लेबलं त्यांना बघू द्या. इसबगोल मात्र आजपासून सुरू केलंत तरी चालेल, एक चमचा आणि मोठा ग्लास.