धरण न बांधता दुजियांगयान येथून शेतीला पाणी कसे मिळते?

चीनच्या सिचुआन प्रांतातील दुजियांगयान येथे नदी अडवलेली नाही, ती विभागलेली आहे. इ.स.पू. २५६ च्या सुमारास छिन राज्याचा प्रांताधिकारी ली बिंग याने मिन नदीच्या पात्रात माशाच्या तोंडासारखा निमुळता बांध घालून प्रवाहाचे दोन भाग केले. आतला प्रवाह अरुंद व खोल आणि बाहेरचा रुंद व उथळ असल्यामुळे पाणी कमी असताना सुमारे ६० टक्के पाणी शेतीकडे वळते, तर पुराच्या वेळी साधारण तेवढाच वाटा बाहेरच्या पात्रातून निघून जातो.

आतले पाणी डोंगर फोडून काढलेल्या खिंडीतून चेंगडूच्या मैदानात उतरते. सुरुंगाची दारू तेव्हा नसल्याने खडक आगीने तापवून त्यावर पाणी ओतत व तडे पाडत, असे परंपरा सांगते. खिंडीच्या अलीकडील बुटक्या सांडव्यावरून जादा पाणी व गाळ बाहेर पडतो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती देखभालीची शिस्त. बांबूच्या लांबट करंड्यांत नदीतलेच गोटे भरून बांध रचला जाई, त्यामुळे दुरुस्तीचे साहित्य जवळच मिळे. दरवर्षी हिवाळ्यात पाणी ओसरल्यावर गाळ उपसला जाई आणि किती खोल खणायचे, हे तळाशी पुरलेल्या लोखंडी खुणांवरून ठरे.

यामुळे पूर आणि अवर्षण दोन्ही सोसणारे हे मैदान भाताचे कोठार बनले आणि छिन राज्याला धान्याचा मोठा आधार मिळाला. आजही या व्यवस्थेच्या विस्तारित कालव्यांवर ६ लाखांहून अधिक हेक्टर जमीन भिजते.