व्यसनमुक्ती केंद्रात राहून बरा झालेला भाऊ घरी येताच पुन्हा गर्द ओढायला लागला. त्याला मनातून सोडायचंच नसेल का?

सोडायचं असतं हो. मी व्यसनी लोकांचं समुपदेशन करते. ‘आता बास’ असं अगदी मनापासून म्हणणारेच मला जास्त भेटतात. पण निर्धार करायचा तो ज्या मेंदूने, तोच व्यसनाने पोखरलेला असतो.

गर्दमधल्या हेरॉइनने मेंदूत डोपामाइन, म्हणजे गोडी लावणारं रसायन, इतकं उसळतं, की हळूहळू मेंदू ते टिपणाऱ्या जागाच कमी करतो. मग जेवण, गाणी, पोरंबाळं, कशातच गोडी उरत नाही. पुढे पुढे मजा राहते बाजूला, नुसतं धड वाटावं म्हणून ओढावं लागतं. नाही मिळालं की टर्की लागते: नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, रात्रभर पाय झाडणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवड्याभरात बरंचसं ओसरतं. (दारूचं मात्र वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर हवाच.)

टर्की ओसरली तरी तलफ राहते. तेच मित्र, तोच जिना, संध्याकाळची तीच वेळ, एवढं पुरतं. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी 1970च्या दशकात अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतल्या फार थोड्यांना पुन्हा व्यसन जडलं. त्यांची जागा बदलली होती, तुमचा भाऊ मात्र जुन्याच जागी परत आलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केंद्रात राहून शरीराची सवय मोडते, हात मात्र जुनंच माप घेतो. पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास बंद पाडू शकते. ओठ निळसर, श्वास घोरल्यासारखा किंवा अगदी मंद, हलवूनही जाग नाही, असं दिसलं की लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि त्याला कुशीवर वळवा. नॅलोक्सोन (हेरॉइनचा असर उतरवणारं औषध) मिळत असेल तर घरात ठेवा. म्हणूनच ‘पुन्हा घेतलंस तर तोंड दाखवू नकोस’ असं त्याला म्हणू नका. तो लपून, एकटा घेईल, आणि तेव्हा जवळ कुणीच नसेल.

डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनबद्दल विचारा. ही हेरॉइनच्याच जातीची, पण त्याऐवजी मोजून दिली जाणारी औषधं. ‘एक सोडून दुसरं व्यसन’ म्हणून नातेवाईक नाकं मुरडतात, याची मला खरंच चीड येते. नीट देखरेखीखाली घेतलं तर या औषधांनी तलफ आवरते, मृत्यूचा धोका बराच घटतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्येच दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहेत. ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालतात. जरा बरं वाटलं म्हणून मधेच थांबवायची नाहीत.

पैसे हातात देऊ नका, जेवायला मात्र बरोबर बसवा. आणि उद्याच केंद्रात फोन करून पुढची भेट ठरवा.