"मोठा इंग्लिश शब्द आला की जीभ अडकते मॅडम"

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे सांगलीत विश्रामबागेत बी. फार्मची एक मुलगी आली, तासगावकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. सेमिनार आठ दिवसांवर आलेला आणि हिची झोप उडालेली. "मागच्या वेळी सगळी हसली, मला इंग्लिश जमणारच नाही." हे वाक्य मी इतक्या पोरांकडून ऐकलंय, तरी दरवेळी पोटात तुटतं, कारण चूक त्यांची नसतेच.

म्हटलं, कुठला शब्द छळतोय तो लिही. तिने लिहिलं, फार्माकोकायनेटिक्स. मग हनुवटीखाली हात ठेवून हळू म्हणायला लावलं, जबडा जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे. फार-म-को-काय-ने-टिक्स, सहा. तुकडे तिला लगेच जमले, पण सहाही ती एकाच जोराने म्हणत होती आणि खरी गोम तिथंच आहे. आपल्याला मराठीत प्रत्येक अक्षर ठसठशीत म्हणायची सवय, इंग्लिशमध्ये मुख्य भार एकाच तुकड्यावर पडतो आणि आजूबाजूचे बरेचसे अर्धवट गिळले जातात.

बोलता बोलता कळलं की ती गावात भजनाला टाळ घेऊन बसते. अगं मग समेवर जोर कसा येतो तसा इथं 'ने'वर दे की! तिने पेन्सिलीने 'ने'ला गोल केला, टेबलावर बोटाने ठोका देत म्हणत राहिली, चौथ्यांदा शब्द सरळ आला.

एक खूण सांगून ठेवली. शेवटी इक, इक्स, शन, इटी, लॉजी असलं की ठोका बहुतेकदा त्याच्या आधीच्या तुकड्यावर, म्हणजे मेडिकेशनमध्ये 'के', फार्माकॉलॉजीत 'कॉ'. शेपूट बदललं की ठोकाही सरकतो, फोटोग्राफमध्ये 'फो'वर, फोटोग्राफीत 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रा'वर. पॉलिटिक्ससारखे काही शब्द मात्र ऐकत नाहीत, तिथं ठोका पहिल्यावरच, म्हणून शंका आली की डिक्शनरी उघडायची, उच्चारात ठोक्याच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते.

सेमिनार झाल्यावर आली. बायोअव्हेलेबिलिटीला अडकली होती म्हणे, मग थांबली, मांडीवर ठोका देऊन 'बि'वर जोर दिला आणि परत म्हटला.

"कुणी हसलं का गं?"

"बघितलंच नाही मॅडम, माझं सगळं लक्ष 'बि'कडं होतं."