तिला नवखी म्हणूनच रुजू होऊ द्या

प्रश्न : माझ्या मुलीने यंदा बी.एस्सी. नर्सिंगची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली. आम्ही धायरीला राहतो. चार महिन्यांपासून ती घरीच आहे. कर्वे रस्त्याच्या परिसरातील दीडशे खाटांच्या एका रुग्णालयात मुलाखतीनंतर तिची निवड झाली होती. परंतु पगार अठरा हजार, महिन्यातून आठ-दहा रात्रपाळ्या आणि मूळ गुणपत्रिका जमा करण्याची अट, हे पाहून मी नकार कळवला. तिने घरी राहून सरकारी परीक्षेचा अभ्यास करावा, असे मला वाटते. दुसरीकडे, मोठी रुग्णालये अनुभव मागतात. माझ्या मित्राचे वीस खाटांचे नर्सिंग होम आहे आणि तो एक वर्षाचे अनुभवपत्र द्यायला तयार आहे. ते जोडून एखाद्या मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी नसलेली नोकरी मिळेल का? नर्सिंग परिषदेची नोंदणी नोकरी पक्की झाल्यावर करणार आहोत. – एक पालक, धायरी, पुणे

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘मी नकार कळवला’ या तीन शब्दांपाशी अडखळले. मुलाखत तिने दिली, निवड तिची झाली, नोकरी करणार होती तीही तीच. नकार मात्र आपण कळवलात. संपूर्ण पत्रात तिच्या तोंडचे एकही वाक्य नाही. तिला अतिदक्षता विभागात काम करायचे आहे की प्रसूतिकक्षात, लहान मुलांच्या वॉर्डात की शस्त्रक्रियागृहात, याचा त्यात उल्लेख नाही, आणि आपण तिला हे विचारले असेल असेही पत्रावरून वाटत नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या ज्या मुलीने चार वर्षांच्या शिक्षणात रुग्णांच्या जखमा धुतल्या, बाळंतपणे पाहिली आणि कदाचित मृत्यूही जवळून पाहिला, तिला रात्री रुग्णालयात थांबणे झेपेल की नाही, हे तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवणे मला योग्य वाटत नाही.

आपली काळजी मला समजते आणि त्या काळजीला मी कमी लेखत नाही. परंतु रात्रपाळी म्हणजे रात्रीचा प्रवास, असा आपला समज झालेला दिसतो. अनेक रुग्णालयांत सकाळची पाळी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि रात्रीची आठ ते सकाळी आठ अशी असते. वेळा थोड्याफार बदलतात, पण रात्रपाळीची मुलगी संध्याकाळी घरातून निघते आणि उजाडल्यावर परतते. प्रवासाची खरी अडचण दुपारच्या पाळीत येते. ‘ओव्हर’ देता देता, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवता सोपवता, साडेआठ वाजतात आणि मग सिंहगड रस्त्याने धायरी गाठायची असते. रुग्णालयाची गाडी आहे का, वसतिगृहात सोय आहे का, हे प्रश्न त्यासाठी विचारावेत. रात्रपाळीच नको, ही अट घालणाऱ्या मुलीला मात्र वॉर्डातील काम मिळणे जवळजवळ अशक्य आहे, आणि मिळाले तरी तिची वाढ अर्धवट राहील.

असे मी का म्हणते, ते सांगते. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणारी एक मुलगी नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीला होती. पहाटे तीनच्या सुमारास मधुमेहाचे एक आजोबा असंबद्ध बोलू लागले. सोबतचा मुलगा म्हणाला, ‘सिस्टर, ते झोपेत बडबडतात.’ तिने कपाळाला हात लावला तर ते घामाने ओलेचिंब होते. तिने ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, ती अठ्ठेचाळीस भरली. तिने इन्चार्ज सिस्टरना हाक मारली, त्यांनी ड्युटीवरील डॉक्टरांना बोलावले, शिरेतून ग्लुकोज गेले आणि थोड्या वेळाने आजोबांनी मुलाला नावाने हाक मारली. साखर उतरल्याची लक्षणे तिने पुस्तकात केव्हाच पाठ केली होती, पण घामाने थंड पडलेले कपाळ हाताला लागले ते त्या रात्री. तेही एका गोष्टीमुळे निभावले : ती नवी आहे हे वॉर्डात सर्वांना ठाऊक होते, म्हणून हाक मारताना तिला संकोच वाटला नाही.

आता आपल्या मित्राच्या अनुभवपत्राविषयी. न केलेल्या कामाचा दाखला हा खोटा दस्तऐवज आहे आणि तो वापरू नये, एवढे म्हणून मी थांबले असते; परंतु तो नसेल तर दारे बंद होतील, हा आपला गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. एम्सच्या नॉर्सेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेसाठी बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि परिषदेकडे नोंदणी असलेल्या उमेदवाराला अनुभवाची अट नाही. ती अट जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) पदविकाधारकांसाठी आहे, आणि तीही किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांची, म्हणजे वीस खाटांचा दाखला तेथे तसाही उपयोगाचा नाही. पुण्यातील मोठी खासगी, धर्मादाय आणि शिक्षणसंस्थांशी जोडलेली रुग्णालये नव्या पदवीधरांना नियमितपणे घेतात, कारण रात्रंदिवस चालणाऱ्या वॉर्डांना मनुष्यबळ लागतेच. ‘अनुभव हवा’ असे जाहिरातीत लिहिलेले असले तरी नर्सिंग अधीक्षकांना भेटून अर्ज द्यावा. परदेशी जाण्याचा विचार पुढे झाला, तर आखाती देशांत अनुभवाची पडताळणी थेट दाखला देणाऱ्या रुग्णालयाकडे होते आणि तेथे खोटेपणा उघड झाला तर पुढची वाट बंद होते. पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती रुग्णाची. एक वर्षाचा अनुभव कागदावर घेऊन ती रुजू झाली, तर काही दिवसांतच तिच्याकडे स्वतंत्रपणे रुग्ण सोपवले जातील, आणि सिरिंज पंप, म्हणजे ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे यंत्र, कसा लावायचा हे विचारण्याची सोय तिला उरणार नाही, कारण वर्षभर काम केलेल्या परिचारिकेला ते येत असणार असे सगळे धरून चालतील. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन सौम्य न करता थेट शिरेत दिले, तर हृदय बंद पडू शकते. अशा औषधाची कुपी हातात असताना ‘सिस्टर, एकदा बघता का?’ म्हणण्याची मोकळीक हे नवख्या परिचारिकेचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. ते आपण आपल्याच हाताने तिच्याकडून काढून घेऊ नका.

पगाराबाबत मात्र आपली तक्रार रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी शिफारशी केल्या होत्या : दोनशेहून अधिक खाटा असतील तर राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन, शंभर ते दोनशे खाटा असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटा असतील तर फार तर २५ टक्के कमी आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तरीही किमान २०,००० रुपये. म्हणजे दीडशे खाटांच्या रुग्णालयाने देऊ केलेले अठरा हजार हे सर्वांत लहान रुग्णालयासाठी सुचवलेल्या रकमेहूनही कमी आहेत. या शिफारशींची अंमलबजावणी फारशी झाली नाही, आणि इतके जबाबदारीचे काम इतक्या कमी मोलात करून घेतले जाते याचा मला मनापासून राग येतो. तरीही पहिल्या वर्षासाठी मी पगाराआधी शिकवणूक पाहीन. सुरुवातीचे किती दिवस अनुभवी सिस्टरच्या हाताखाली ठेवणार, कोणत्या वॉर्डांत फिरवणार, रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हे तिने मुलाखतीतच विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ती नोकरी तिने खुशाल नाकारावी. तो नकार तिचा असेल.

मूळ गुणपत्रिका जमा करण्याची अट कदापि मान्य करू नये. एक वर्षाचा बाँड असेल तर तो लेखी, वाचून आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवून करावा. मूळ कागद तपासणीसाठी दाखवावेत आणि परत घ्यावेत. माझ्या एका विद्यार्थिनीची कागदपत्रे एका नर्सिंग होमने अडकवून ठेवली आणि सरकारी भरतीच्या पडताळणीचा दिवस तिच्या हातून गेला. ती मुलगी माझ्यासमोर बसून रडली होती, हे मी विसरलेली नाही.

आपण सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिलेली गोष्ट सर्वांत आधी करायची आहे. महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची नोंदणी नोकरीनंतर करायची नसते. तिच्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही आणि सरकारी अर्जही भरता येत नाही. चार महिने यात वाया गेले आहेत. परिचारिका आणि प्रसविका (मिडवाइफ) अशी दोन्ही नोंद होईल याची खात्री करून या आठवड्यातच अर्ज करावा.

सरकारी परीक्षा अवश्य द्याव्यात : नॉर्सेट, रेल्वे, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, राज्याची अधिपरिचारिका भरती, महापालिका. केंद्रातील नर्सिंग ऑफिसरचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते, त्यामुळे तिकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. परंतु भरतीची वाट पाहत घरी बसलेल्या मुलीचा हात सुटतो, आणि या परीक्षांतील बरेच प्रश्न वॉर्डात रोज दिसणाऱ्या परिस्थितीवर असतात. नोकरी आणि अभ्यास एकत्र करणे कठीण आहे, तरी अनेक मुली ते करतात.

आता आपण एवढेच करावे. हे पत्र तिला वाचायला द्यावे आणि त्या रुग्णालयाच्या नर्सिंग अधीक्षकांना तिने स्वतः फोन करून, नकार तिचा नव्हता, जागा अजून आहे का, हे विचारावे. जागा भरली असेल तर नोंदणीचा कागद हाती येताच तिने दुसरीकडे अर्ज करावेत. मुलाखतीला सोबत गेलात तरी आपण बाहेरच थांबावे. ती रुजू झाली आणि पहिल्या रात्रपाळीहून सकाळी घरी आली, की तिच्या खोलीला जाड पडदे असू द्या, दाराची बेल बंद ठेवा, आणि नातेवाइकांना सांगा की दुपारी तीनपर्यंत ती झोपलेली असेल.