बरोबरी झाली की शूटआउटच का?

प्रश्न: ताई, 2022च्या कॉमनवेल्थ हॉकी सेमीफायनलला आपल्या मुली ऑस्ट्रेलियाशी 1-1 बरोबरीत होत्या, मग शूटआउटमध्ये 3-0 हरल्या. 60 मिनिटं टीम खेळते आणि निकाल एकेकटीवर, हे बरोबर आहे का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर: दादा, हॉकीपटू रूपसिंहांच्या गावातून हा प्रश्न येणारच! त्या मॅचची सल मलाही आहे, आपली गोलकीपर सविताने पहिला शॉट अडवला आणि मग कळलं की शॉटसाठी असलेलं 8 सेकंदांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं, शॉट परत घ्यायला लावला, गोल झाला, आणि मुली तिथेच खचल्या असं मला वाटतं. पुढे एफआयएचने, म्हणजे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने, माफी मागितली, पण फायनल तर गेलीच ना.

तरी शूटआउट म्हणजे नुसतं नशीब नाही हं, 23 मीटरच्या लाइनवरून बॉल घेऊन गोलकीपरला चकवायचं, त्याला स्किल लागतंच, पॅरिस ऑलिंपिकला ब्रिटनविरुद्ध आपला गोलकीपर श्रीजेशने दाखवलंच की. पण ती टीमची हॉकी नव्हे. मला एनएचएलची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीची पद्धत जास्त पटते, लीग मॅचला आधी 5 मिनिटं गोलकीपर सोडून 3 विरुद्ध 3, पहिला गोल करेल तो जिंकला, तरी नाही झालं तरच शूटआउट, आणि प्लेऑफला तर शूटआउट नाहीच, गोल होईपर्यंत 20-20 मिनिटं खेळत राहायचं. आपल्याकडच्या उन्हात तेवढं पळवणं जमायचं नाही, पण नॉकआउटला प्लेअर कमी करून 10 मिनिटं तरी खेळवा. लीगमध्ये मात्र बरोबरी ती बरोबरी, एकेक पॉइंट घ्या आणि घरी जा.