जखमी माजी सैनिकाला अमेरिकेत कुटुंबासह मैदानी खेळ किंवा भटकंती कशी करता येईल?

भाऊजींचा एक पाय गेलाय, मुलं लहान आहेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी राष्ट्रीय उद्यानांचा पास काढा. कायमचं अपंगत्व असलेल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना तो आयुष्यभरासाठी मोफत मिळतो आणि त्याच पासवर गाडीतलं सगळं कुटुंब आत जातं. माजी सैनिकांचा वेगळा मोफत पासही आहे, पण दोन्ही घेण्याची गरज नाही. अपंगत्वाच्या पासवर बऱ्याच ठिकाणी कॅम्पिंगच्या शुल्कातही सवलत असते.

एखादा खेळ शिकायचाच असेल तर अपंगांना खेळ शिकवणाऱ्या ‘मूव्ह युनायटेड’ या संस्थेच्या जवळच्या शाखेला फोन करा. तिचं मूळ १९६७ मधलं, व्हिएतनामहून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांनी सुरू केलेल्या स्कीइंगमधलं. एका पायावरही स्कीइंग जमतं: हातात कुबड्यांसारख्या काठ्या, त्यांच्या टोकाला छोटी स्की. तोल जातच नाही तर बसून घसरायची सीट असते आणि प्रशिक्षक मागून दोर धरतो. कोलोरॅडोत १९८७ पासून माजी सैनिकांसाठी मोठं हिवाळी शिबिरही भरतं.

बर्फ नको असेल तर ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ ही संस्था जखमी माजी सैनिकांना गळाने मासेमारी शिकवते. नदीकाठी शांत बसणं, माझ्या मते, सुरुवातीला जास्त बरं. बायकामुलांना सोबत आणता येईल का, हे मात्र नाव नोंदवतानाच विचारा.