मनाचं मोजमाप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी माद्रिदला मानसशास्त्रात एम.ए. करते. प्रबंधासाठी तिला चिंता मोजणारी एस.टी.ए.आय. ही चाचणी हवी होती. वर्गातल्या मेक्सिकन मैत्रिणीनं तिच्या देशातली स्पॅनिश प्रत दिली, गुण द्यायची किल्लीही दिली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, ही नको, स्पेनची घे. भाषा तीच, चाचणी तीच, मग हा हट्ट कशाला? पोरगी फोनवर नुसती धुसफुसतेय.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, बाईंचं बरोबर आहे. मुलीला म्हणावं, दोन्ही प्रती शेजारी ठेव आणि आधी वाक्यं वाचू नकोस, उत्तरांचे रकाने बघ.

चार्ल्स स्पीलबर्गर आणि सहकाऱ्यांची ही चाचणी 1970ची, अमेरिकेतली. विधानं 40 : निम्मी ‘आत्ता, या क्षणी कसं वाटतंय’ याची, निम्मी ‘एरवी कसं वाटतं’ याची. प्रत्येक विधानाला 1 ते 4 गुण, म्हणजे एका भागाची बेरीज 20 ते 80. मेक्सिकोत ती 1975 साली स्पीलबर्गर आणि तिथले मोठे मानसशास्त्रज्ञ रोहेलिओ दीआस-गेरेरो यांनी ‘इदारे’ या नावानं आणली. गुणांची पद्धत मूळचीच ठेवली. माद्रिदच्या ‘तेआ’ प्रकाशनाची प्रत 1982ची. तिच्यात गुण 0 ते 3, बेरीज 0 ते 60. आता कुणाला 30 गुण पडले असं धरा. माद्रिदच्या प्रतीत हा माणूस पट्टीच्या बरोबर मध्यावर आहे. मेक्सिकोच्या प्रतीत तोच आकडा तळापासून जेमतेम दहा घरं वर, म्हणजे गडी निवांत!

मुलगी म्हणेल, वीस वजा केले की झालं. तेवढ्यानं बेरीज जुळेल, पण बेरजेचा अर्थ कुठून आणणार? सुटा गुण काहीच सांगत नाही. तो कुणाशी ताडून बघायचा ते मानकं ठरवतात, आणि मानकं त्या त्या देशातल्या माणसांवर काढलेली असतात. स्पेनच्या पुस्तिकेत तर पुरुष-स्त्रिया आणि प्रौढ-किशोर यांचे तक्ते वेगळे आहेत. सीईटीच्या पर्सेंटाइलवर वाढलेल्या पिढीला हे मी समजावून सांगायला नको. माद्रिदच्या विद्यार्थिनीला मेक्सिकोच्या तक्त्यावर बसवलं, तर निघालेला आकडा ना इकडचा ना तिकडचा.

लोकांना वाटतं, चाचणी दुसऱ्या भाषेत नेणं हे भाषांतरकाराचं काम. मी मानसमापन शिकवत होते तेव्हा दरवर्षी कुणीतरी विद्यार्थी उलट भाषांतर, म्हणजे भाषांतराचं पुन्हा इंग्रजी, करून आणायचा आणि म्हणायचा, ‘मॅडम, मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळलं, चाचणी तयार!’ खरं काम तिथून सुरू होतं. आधी थोड्या माणसांना विधानं वाचायला देऊन, तुम्हाला यातून काय कळलं ते विचारायचं. मग शेकडो माणसांकडून भरून घ्यायचं, घटक विश्लेषण करायचं (कोणती विधानं एकत्र गट करून चालतात ते बघायचं), विश्वसनीयता, म्हणजे गुणांवर भरवसा किती ठेवावा ते, काढायची, आणि हा आकडा खरोखर चिंतेचाच आहे याचे पुरावे गोळा करायचे. आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगानं 1992 मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं लिहायला घेतली, दुसरी आवृत्ती 2017ची. स्पॅनिशभाषक संशोधकांत ती रुजवण्यात स्पेनमधल्या ओव्हिएदो विद्यापीठात तेव्हा असलेल्या होसे मुनिस यांचा वाटा मोठा.

या चाचणीत एक गंमत आहे, ती मुलीच्या तोंडी परीक्षेत विचारली जाईल. एरवी आठवड्यानं पुन्हा चाचणी घेतली आणि गुण तेच आले, तर आपण चाचणीला भरवशाची म्हणतो. ‘आत्ता’च्या भागात मात्र गुण हललेच पाहिजेत! पेपरच्या सकाळी आणि सुट्टीच्या दुपारी माणूस सारखेच गुण मिळवत असेल, तर चाचणी काहीच पकडत नाही. म्हणून त्या भागाची विश्वसनीयता पुनर्चाचणीवर जोखायची नसते. विधानांचा आपापसात मेळ किती, ते बघायचं.

दुसरी अडचण उलट्या विधानांची. ‘मला शांत वाटतंय’ यासारखी विधानं मुद्दाम मिसळलेली असतात, त्यांचे गुण उलटे मोजायचे. कल्पना चांगली, पण विश्लेषणात सुलटी आणि उलटी विधानं दोन वेगळ्या टोळ्यांसारखी फुटून निघतात. अशा वेळी आपण दोन भावना मोजतोय की वाक्यरचनेचा परिणाम, हे सांगणं अवघड होतं. ओव्हिएदोच्याच गटानं 2018 मध्ये या उलटसुलट मिश्रणावर स्पष्ट आक्षेप घेतला. मीही त्याच मताची आहे. सवयीपायी चाललेली प्रथा आहे ती.

प्रश्न : सगळ्या चाचण्या इंग्रजीतूनच का उचलायच्या? स्पॅनिश लोकांनी स्वतःच्या चाचण्या केल्या नाहीत का?
— एम.ए.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : केल्या की! स्पेनमधल्या तारागोनाच्या विद्यापीठात तयार झालेली ‘ओपेरास’ ही व्यक्तिमत्त्वाची चाचणी (2013) थेट स्पॅनिशमध्ये बांधलेली आहे. विधानं 40, आणि दिसेल त्याला ‘हो’ म्हणायची व स्वतःला चांगलं दाखवायची ओढ गुणांतून वेगळी काढायची सोय आहे. मालागाच्या संशोधकांनी भावनांची समज मोजणारी 48 विधानांची अमेरिकन चाचणी 2004 मध्ये 24 वर आणली : लक्ष, स्पष्टता आणि सावरणं, प्रत्येकी 8. तिला मी नुसतं उचलणं म्हणणार नाही.

वेरोनिका बेनेट-मार्तीनेस यांचं काम मात्र वाचाच. 1997 मध्ये त्यांनी नील्स वॉलर यांच्यासह स्पॅनिश शब्दकोशातली स्वभावविशेषणं घेऊन, स्पॅनिश माणूस स्वभावाची विभागणी कशी करतो ते तपासलं. पुढच्याच वर्षी ऑलिव्हर जॉन यांच्याबरोबर स्वभावाचे पाच मुख्य घटक मोजणारी 44 विधानांची चाचणी स्पॅनिशमध्ये आणली. इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही बोलणाऱ्यांना 2006च्या एका अभ्यासात दोन्ही भाषांत चाचणी दिली, तर तीच माणसं इंग्रजीत जास्त बहिर्मुख, मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष निघाली! मेक्सिकोसारख्या अगत्यशील समाजाच्या भाषेत उत्तरं देताना मनमिळाऊपणाचे गुण कमी पडावेत, याचं कोडं संशोधकांनी पुढेही सोडवत ठेवलं. स्वतःबद्दल नम्रपणे सांगायची रीत हे त्यातलं एक उत्तर. मराठीत असा प्रयोग करायला तुम्हाला कोणी अडवलंय?

प्रश्न : आमच्या कंपनीत स्पॅनिश येणारी मुलं-मुली घ्यायची आहेत. एम.एम.पी.आय.-2ची स्पॅनिश प्रत दिली तर भाषा आणि स्वभाव दोन्ही एकदम कळेल का?
— मनुष्यबळ विभाग, पुणे

उत्तर : दोन्ही कळणार नाही. 567 विधानांची ती चाचणी मुळात मानसिक विकारांच्या निदानासाठी आहे. तिच्या मेक्सिकोच्या आवृत्तीमागे राष्ट्रीय विद्यापीठातल्या एमिलिया लुसिओ यांचं काम, स्पेनची आवृत्ती वेगळी, अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांसाठी आणखी वेगळी. यातल्या एकाही मानकगटात पुण्यात क्लास लावून स्पॅनिश शिकलेली मुलगी नाही. भाषेसाठी भाषेचीच परीक्षा घ्या. देले परीक्षेचं प्रमाणपत्र मागितलंत तरी पुरेल. स्वभावाचं विचारायचं असेल, तर ज्या भाषेत त्या मुली घरी भांडतात त्या भाषेत, आणि कामाशी संबंध असेल तेवढंच विचारा.